वाफ तीनदा वापरली म्हणून ताकद तिप्पट होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाफेच्या इंजिनांवर आलेला लेख वाचला. विषय निवडला हे उत्तम झाले, कारण वाफेवर जे काही लिहून येते ते बहुधा जेम्स वॅट आणि किटलीपाशीच थांबते. मात्र बहुटप्पी इंजिनाचे, म्हणजे कंपाउंड (दोन टप्प्यांच्या) आणि ट्रिपल एक्स्पान्शन (तीन टप्प्यांच्या) इंजिनाचे, त्यात दिलेले स्पष्टीकरण मुळातच चुकीचे आहे. तीच वाफ एकामागून एक तीन सिलिंडरांत वापरली जाते म्हणून तिच्यातून तिप्पट काम निघते, असा त्या परिच्छेदाचा आशय आहे. ही समजूत बरीच पसरलेली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तसे असते तर दहा सिलिंडर लावून दहापट काम काढता आले असते. वाफेच्या अंगात जेवढी ऊर्जा आहे तेवढीच ती देणार. १२ बार दाबाची वाफ ०.७५ बारपर्यंत पसरू दिली, तर ती एका सिलिंडरात पसरली काय आणि तिनांत पसरली काय, कागदावर काम सारखेच भरते. (बारचे सगळे आकडे पूर्ण निर्वातापासून मोजलेले आहेत, इंजिनावरचा गेज हवेचा दाब वगळून दाखवतो, त्यामुळे त्यावर साधारण एक कमी दिसतो.) उलट तीन सिलिंडरांत घर्षण जास्त, आणि एका सिलिंडरातून दुसऱ्यात जाताना नळ्यांत थोडा दाब वाया जातो तो वेगळाच. मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर सिलिंडरच्या भिंतीच्या तापमानात आहे.

वाफेकडून पुरेपूर काम घ्यायचे तर स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या प्रवासाच्या, सुरुवातीलाच व्हॉल्व्ह बंद करून, आत आली तेवढ्याच वाफेला पसरू द्यावे लागते. याला कट-ऑफ म्हणतात. वरच्या उदाहरणात दाब सोळाव्या हिश्शावर येतो, म्हणून ढोबळ हिशेबाने पसरण्याचे प्रमाण सोळापट धरू. म्हणजे एकाच सिलिंडरात हे करायचे तर स्ट्रोकच्या सोळाव्या हिश्शालाच वाफ तोडायला हवी. आता तापमान पाहा. १२ बारची संपृक्त, म्हणजे त्या दाबाला उकळत्या पाण्याच्याच तापमानाची, वाफ १८८ अंश सेल्सिअसला असते. काम संपल्यावर तीच जागा कंडेन्सरला, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्याला, जोडली जाते; तिथे ०.१ बार दाब धरला तर तापमान ४६ अंश. म्हणजे एकाच लोखंडी भिंतीला प्रत्येक फेऱ्यात १८८ अंशांची वाफ लागते आणि लगेच ४६ अंशांची. भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचे तापमान या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहते. ताजी वाफ आत आली की भांड्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटते तसा या भिंतीवर पाण्याचा पातळ थर धरतो. तेवढी वाफ गेलीच. पिस्टन ढकलायला ती उरत नाही.

खरा घात पुढे होतो. एक्झॉस्ट, म्हणजे वाफ बाहेर जाण्याची वाट, उघडला की दाब एकदम पडतो आणि तो पाण्याचा थर उकळू लागतो. उकळायला लागणारी उष्णता तो भिंतीतून घेतो आणि तयार झालेली वाफ सरळ कंडेन्सरची वाट धरते. बॉयलरमधल्या उष्णतेचा एक हिस्सा अशा रीतीने पिस्टनला हातही न लावता भिंतीमार्गे बाहेर पडतो. लहान, सावकाश चालणाऱ्या आणि फार लवकर वाफ तोडणाऱ्या इंजिनांत आत आलेल्या वाफेपैकी तिसरा हिस्सा, क्वचित त्याहून अधिक, असा वाया जाई. अमेरिकी नौदलाच्या बेंजामिन इशरवूड यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात मिशिगन या जहाजाच्या इंजिनावर निरनिराळ्या कट-ऑफने चाचण्या घेतल्या. पुस्तकी हिशेबाप्रमाणे वाफ जितकी लवकर तोडावी तितकी बचत व्हायला हवी होती. प्रत्यक्षात एका मर्यादेपलीकडे बचत थांबली आणि आणखी लवकर तोडली तर वाफ उलट जास्तच लागू लागली. पुष्कळांना ते पटले नाही. त्याच सुमारास फ्रान्समधल्या आल्सासमध्ये गुस्ताव हिर्न भिंतीच्या या परिणामाचाच अभ्यास करत होते.

आता तेच सोळापट प्रसरण तीन सिलिंडरांत वाटून देऊ. पहिल्यात १२ वरून ४.८ बार, दुसऱ्यात ४.८ वरून १.९, तिसऱ्यात १.९ वरून ०.७५ आणि तिथून कंडेन्सर. तापमानात बोलायचे तर पहिल्या सिलिंडरात १८८ ते १५० अंश, दुसऱ्यात १५० ते ११९ आणि तिसऱ्यात ११९ ते ४६. एका भिंतीवर १४२ अंशांचा चढउतार होता, तो आता ३८, ३१ आणि ७३ असा विभागला गेला. सगळ्यात गरम वाफ सगळ्यात थंड भिंतीला कधीच भेटत नाही. शिवाय पहिल्या सिलिंडरच्या भिंतीवर धरलेले पाणी पुन्हा वाफ होऊन निघाले तरी ते कंडेन्सरमध्ये न जाता दुसऱ्या सिलिंडरात जाते आणि तिथे काम करते. पिस्टन रिंगमधून किंवा व्हॉल्व्हमधून होणाऱ्या गळतीचेही तसेच: पहिल्या सिलिंडरातून निसटलेली वाफ पुढच्याच्या उपयोगी पडते. बहुटप्पी इंजिनाची बचत ती एवढीच. ऊर्जा वाढत नाही, वाया जाणारी कमी होते.

दुसरा फायदा यंत्राच्या अंगावर येणाऱ्या जोराचा, आणि तो मला तितकाच मोलाचा वाटतो. शेवटी ०.७५ बारपर्यंत पसरलेली वाफ मावेल एवढे सिलिंडर कुठेतरी लागतेच. १२ बारला एक किलो वाफेला सुमारे १६३ लिटर जागा पुरते, ०.७५ बारला तिलाच २,२०० लिटर लागतात. एकाच सिलिंडरात सगळे करायचे तर त्या भल्यामोठ्या पिस्टनवर स्ट्रोकच्या सुरुवातीला बॉयलरचा पूर्ण दाब आदळणार. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी जहाजांच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. सिलिंडरांचे व्यास २४½, ३७ आणि ७० इंच, स्ट्रोक ४८ इंच, बॉयलर २२० पौंड प्रति चौरस इंच. ७० इंची पिस्टनवर २२० पौंडांचा दाब टाकला तर जोर होतो सुमारे ३८० टन. प्रत्यक्षात तो दाब फक्त २४½ इंची पिस्टनवर येतो आणि जोर ४७ टनांच्या आसपास राहतो. पिस्टन रॉड, कनेक्टिंग रॉड, क्रँक, बेअरिंग, खालचा पाया हे सगळे या फरकाने हलके होते. आणि तीन क्रँक १२० अंशांवर असल्याने शाफ्टला वळवणारा जोरही बराच एकसारखा मिळतो.

यावरून पुरवणीतल्या आकृतीबद्दलही सांगतो. तिच्यात बॉयलरला जोडलेले सिलिंडर सगळ्यात मोठे आणि कंडेन्सरकडचे सगळ्यात लहान दाखवले आहे. ते नेमके उलट हवे. लिबर्टीच्या तीन सिलिंडरांच्या क्षेत्रफळांचे प्रमाण १ : २.३ : ८.२ असे पडते.

कधी कधी शेवटचे सिलिंडर इतके मोठे होते की ओतणेही अवघड, आणि हलणारे वजनही बेसुमार. मग त्याचे दोन करतात. टायटॅनिकच्या दोन्ही पिस्टन इंजिनांत म्हणूनच चार-चार सिलिंडर होते: ५४ इंच, ८४ इंच आणि ९७ इंचांची दोन, स्ट्रोक ७५ इंच. सिलिंडर चार असले तरी टप्पे तीनच. सिलिंडर मोजून टप्पे ठरवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते.

इतिहासात ही कल्पना लवकर सुचली आणि फार उशिरा फळाला आली. जोनाथन हॉर्नब्लोअर यांनी १७८१ मध्ये दोन सिलिंडरांच्या इंजिनाचे पेटंट घेतले. वेगळ्या कंडेन्सरवरचे वॅट यांचे पेटंट १८०० पर्यंत आडवे आले हे खरे. पण ते नसते तरी फार मोठा फायदा झाला नसता, कारण तेव्हाच्या बॉयलरचा दाब हवेच्या दाबाहून जेमतेमच वर असे. वाटून द्यायला मुळात तापमानाची उतरणच नव्हती. १८०४ मध्ये आर्थर वुल्फ यांनी वाढीव दाबावर हाच प्रयोग केला, मात्र वाफेच्या प्रसरणाचा त्यांनी बांधलेला नियम साफ चुकीचा होता. वाफेचा दाब हवेच्या दाबाहून जितके पौंड जास्त तितके पट ती पसरू शकते, असे ते धरून चालले. साहजिकच त्यांचे पहिले सिलिंडर गरजेपेक्षा फारच लहान निघाले. १८४५ मध्ये विल्यम मॅकनॉट यांनी कापड गिरण्यांतल्या जुन्या तुळईच्या इंजिनांवर (मधल्या आसावर डुलणारी तुळई, एका टोकाला पिस्टन, दुसऱ्याला क्रँक) एक युक्ती काढली. तुळईच्या क्रँककडच्या बाजूला, मधल्या आसाजवळ, उच्च दाबाचे एक आखूड सिलिंडर बसवायचे आणि त्याची वापरलेली वाफ मूळ सिलिंडरला द्यायची. दोन्ही पिस्टनांचे जोर आसाच्या दोन बाजूंना असल्याने आसावरचा ताण कमी झाला, ताकद वाढली आणि जुने इंजिन मोडीतही काढावे लागले नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत हुशार दुरुस्ती.

समुद्रावर मात्र अडचण वेगळी होती. जुन्या जहाजांत समुद्राचेच पाणी बॉयलरमध्ये जाई. त्यातले कॅल्शियम सल्फेट पाणी तापते तसे कमी कमी विरघळते आणि दाब वाढवला की दगडासारखा थर धरते. जिथे वाफ आणि समुद्राचे पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, असा नळ्यांचा सरफेस कंडेन्सर रुळल्यावरच तेच गोडे पाणी पुन्हा पुन्हा बॉयलरला देता येऊ लागले. दाब त्यानंतर चढला. जॉन एल्डर यांची कंपाउंड इंजिने १८५४ पासून जहाजांवर आली. अल्फ्रेड होल्ट यांच्या अ‍ॅगामेम्नॉन या जहाजाने १८६६ मध्ये ६० पौंड दाबाच्या कंपाउंड इंजिनावर लिव्हरपूलहून निघून मॉरिशसपर्यंतचा सुमारे ८,५०० मैलांचा पल्ला वाटेत कोळसा न घेता गाठला. तोवर पूर्वेकडच्या व्यापारात जहाजाची अर्धी जागा कोळसाच खाई. तीन वर्षांनी सुएझ कालवा उघडला आणि शिडाच्या चहा-जहाजांचे दिवस भरले.

तिसऱ्या टप्प्यासाठी या ६० पौंडांच्या दुप्पट दाब हवा होता. अलेक्झांडर कर्क यांनी १८७४ मध्ये प्रोपॉन्टिस जहाजावर ट्रिपल इंजिन बसवले; इंजिन ठीक चालले, बॉयलरने दगा दिला. १८८१ च्या अ‍ॅबरडीन जहाजावर पोलादी बॉयलर आले, १२५ पौंडांचे, आणि सिलिंडर ३०, ४५ व ७० इंचांचे. त्यानंतर दहा वर्षांत मालवाहू जहाजाला दुसरे इंजिन कोणी मागेना. ढोबळ हिशेब असा: एकटप्पी जहाजी इंजिन दर अश्वशक्तीला तासाला चार पौंड किंवा अधिक कोळसा खाई, कंपाउंड दोनाच्या आसपास आणि ट्रिपल दीडच्या आसपास. चौथा टप्पाही झाला, २०० पौंडांच्या वरच्या दाबावर, मोठ्या प्रवासी जहाजांत. पण त्यातून वाचणारा कोळसा आणि वाढणारी गुंतागुंत यांचा मेळ फारसा बसला नाही.

आता हे इंजिन चालवायचे कसे, याबद्दल. लेखात त्याचा उल्लेखच नाही. थंड इंजिनाला एकदम वाफ दिली तर ती पाणी होऊन सिलिंडरात साचते, आणि पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर आला की कव्हर फुटते नाहीतर रॉड वाकतो. म्हणून आधी कंडेन्सरचे थंड पाणी सुरू करायचे, सगळ्या सिलिंडरांचे आणि व्हॉल्व्ह चेस्टचे (व्हॉल्व्ह बसवलेल्या पेटीचे) ड्रेन कॉक उघडायचे, स्टॉप व्हॉल्व्ह केसभर उघडून वाफ नुसती आत झिरपू द्यायची. या वेळी टर्निंग गिअरने इंजिन सावकाश फिरवत राहायचे, म्हणजे सगळीकडून सारखे तापते. मोठ्या जहाजी इंजिनाला यात काही तास जातात. मग टर्निंग गिअर सोडवायचा. हे विसरून वाफ दिली तर गिअरचे दाते जागेवर राहत नाहीत, म्हणून चालू करण्याआधी तो सुटल्याची खात्री दोघांनी करायची पद्धत होती. त्यानंतर रिव्हर्सिंग गिअर पुढे-मागे टाकत इंजिनाला दोन्ही दिशांना थोडे थोडे हलवायचे. ड्रेनमधून पाण्याऐवजी कोरडी वाफ येऊ लागली की इंजिन तयार. एवढे करूनही पाणी आलेच तर प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगचे रिलीफ व्हॉल्व्ह असतात. साधा सपाट स्लाइड व्हॉल्व्ह पाण्याच्या दाबाने आपल्या बैठकीवरून जरा उचलला जातो आणि वाट देतो. पिस्टनसारखा गोल असलेला पिस्टन व्हॉल्व्ह तसे काही करत नाही. उच्च दाबाच्या सिलिंडरला पिस्टन व्हॉल्व्हच लावतात, कारण सपाट व्हॉल्व्हला बॉयलरचा दाब पाठीवरून इतका चेपतो की तो बैठक खाऊन टाकतो. म्हणून तिथले रिलीफ व्हॉल्व्ह नीट सुटतात ना, हे पाहणे अधिक गरजेचे.

कधी कधी सगळे बरोबर असूनही इंजिन हलत नाही. पहिल्या सिलिंडरचा क्रँक नेमका डेड सेंटरवर, म्हणजे पिस्टन ढकलला तरी क्रँक वळत नाही अशा टोकावर, थांबलेला असतो, किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद स्थितीत असतो. एकटप्पी इंजिनात अशा वेळी दुसरे सिलिंडर मदतीला येते. इथे पहिल्यातून वाफ पुढे सरकल्याशिवाय बाकीच्यांना काहीच मिळत नाही. त्यासाठी स्टार्टिंग व्हॉल्व्ह असतो. तो बॉयलरची वाफ थेट मधल्या किंवा शेवटच्या सिलिंडरच्या चेस्टमध्ये सोडतो. तो क्षणभर उघडून बंद करायचा. उघडा राहिला तर मोठ्या पिस्टनवर नको तेवढा जोर येतो आणि चेस्टवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ओरडू लागतो.

दोन सिलिंडरांमधल्या जागेला रिसीव्हर म्हणतात. वेगळी टाकी क्वचितच असते, जोडनळी आणि पुढच्या सिलिंडरची चेस्ट मिळूनच ती जागा होते. क्रँक वेगवेगळ्या कोनांत असल्याने एक सिलिंडर वाफ सोडतो तेव्हा पुढच्याला ती लगेच हवी असतेच असे नाही. तोवर ती इथे थांबते. या रिसीव्हरवरच्या गेजांत इंजिनाची सगळी खबर असते. नेहमीच्या चालीत प्रत्येक गेज किती दाखवतो ते लिहून ठेवलेले असले की पुढचे निदान फार सोपे. पहिल्या रिसीव्हरचा दाब वाढला तर पहिल्या सिलिंडरच्या पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत. पहिल्याचा उतरला आणि दुसऱ्याचा चढला तर दोष मधल्या सिलिंडरात. दुसऱ्याचा उतरला आणि त्याबरोबर व्हॅक्यूमही पडला, तर शेवटच्या सिलिंडरातून वाफ काम न करता कंडेन्सरमध्ये जात आहे. सिलिंडर उघडायच्या आधी कुठले उघडायचे हे असे कळते.

तिन्ही सिलिंडरांनी साधारण सारखे काम करावे असा प्रयत्न असतो. नाहीतर एका क्रँकचे बेअरिंग तापते आणि शाफ्ट धडधडू लागतो. काम किती वाटले गेले ते इंडिकेटरने, म्हणजे स्ट्रोकभर सिलिंडरातला दाब कागदावर रेखाटणाऱ्या उपकरणाने, काढलेल्या आलेखांच्या क्षेत्रफळावरून कळते. समजा, शेवटच्या सिलिंडरकडे काम कमी जात आहे. नवख्या माणसाला वाटते, त्याला जास्त वेळ वाफ घेऊ द्यावी. तसे केले तर त्याचे काम आणखी कमी होते! कट-ऑफ उशिरा केला की तो रिसीव्हर भराभर रिकामा करतो, तिथला दाब पडतो, मागच्या सिलिंडरला विरोध कमी होतो आणि काम मागेच सरकते. करायचे ते उलट. शेवटच्या सिलिंडरचा कट-ऑफ लवकर करायचा; रिसीव्हरचा दाब चढतो, तो स्वतः जास्त दाबाची वाफ घेतो आणि मागच्याचा वाटा घटतो. इंजिनाची एकूण ताकद यात फारशी बदलत नाही. हे साधण्यासाठी रिव्हर्सिंग शाफ्टच्या प्रत्येक दांड्यावर खाच आणि स्क्रू असतो. त्यामुळे एकाच चाकाने तिन्ही व्हॉल्व्ह गिअर फिरत असले तरी प्रत्येकाचा कट-ऑफ स्वतंत्रपणे थोडा मागेपुढे करता येतो.

शेवटच्या सिलिंडरची दुखणी डोळ्याला दिसत नाहीत, हा त्यातला त्रास. पहिल्या सिलिंडरचे ग्लँड, म्हणजे पिस्टन रॉड बाहेर येतो तिथले वाफ अडवणारे पॅकिंग, गळले तर वाफेचा फवारा सगळ्या इंजिनरूमला दिसतो. शेवटच्याच्या आत बराच वेळ व्हॅक्यूम असतो, तेव्हा ग्लँड गळले तर बाहेरची हवा आत जाते. ना वाफ दिसते, ना थेंब. मेणबत्तीची ज्योत जवळ धरली की ती आत ओढली जाते, ही जुनी परीक्षा. दुर्लक्ष केले तर किंमत काय मोजावी लागते पाहा. लिबर्टीच्या ७० इंची पिस्टनचे क्षेत्रफळ ३,८४८ चौरस इंच, स्ट्रोक ४ फूट, मिनिटाला ७६ फेरे आणि प्रत्येक फेऱ्यात दोन स्ट्रोक. कंडेन्सरचा दाब फक्त एक पौंडाने वाढला, म्हणजे व्हॅक्यूम गेजचा काटा पाऱ्याच्या दोन इंचांनी उतरला, तर ४ × ३,८४८ × १५२ भागिले ३३,०००, म्हणजे सुमारे ७० अश्वशक्ती गेल्या. २,५०० पैकी ७०, तेही एका सैल ग्लँडपायी.

तेलाचा हातही आखडता ठेवावा लागतो. सिलिंडरात घातलेले तेल वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये आणि तिथून पाण्याबरोबर बॉयलरमध्ये पोहोचते. भट्टीच्या पत्र्यावर तेलाचा पातळ थर बसला तरी पत्र्याची उष्णता पाण्याला मिळत नाही, पत्रा लाल होतो आणि दाबाने आत बसतो. संपृक्त वाफेवरची जहाजी इंजिने आतल्या ओलाव्यावरच बरीचशी वंगली जात, तेल मोजून थेंबाने. बॉयलरला जाणारे पाणी कापड आणि कोक यांच्या गाळण्यांतून नेत.

रेल्वेत या इंजिनांना समुद्रासारखे यश आले नाही. कारणे सरळ आहेत. रुळांलगतच्या फलाटांमुळे आणि पुलांमुळे शेवटचे सिलिंडर हवे तेवढे मोठे करता येत नाही, कंडेन्सर नसल्याने तापमानाची उतरण तशीही कमी, आणि गाडी सारखी थांबते-सुटते. अनातोल मॅले यांनी १८७६ मध्ये फ्रान्समधल्या बायोन-बिआरित्झ मार्गावर कंपाउंड इंजिने चालवली. पुढे त्यांनी दुहेरी चौकटीचे इंजिन काढले. उच्च दाबाचे सिलिंडर मागच्या पक्क्या चौकटीवर, कमी दाबाचे पुढच्या वळत्या चौकटीवर. हलत्या सांध्यांतून फक्त कमी दाबाची वाफ न्यायची असल्याने सांधे कमी गळत. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस वेब यांनी चाकांच्या दोन जोड्या एकमेकींना न जोडता कंपाउंड इंजिने केली. त्यांच्या काही इंजिनांत, मागे येऊन गाडी जोडल्यावर पुढे निघताना, दोन जोड्या विरुद्ध दिशांना फिरल्याचेही दिसे. मिडलंड रेल्वेच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनांचा रेग्युलेटर (बॉयलरची वाफ सोडणारा मुख्य व्हॉल्व्ह) अर्धवट उघडला की तिन्ही सिलिंडरांना बॉयलरची वाफ जाई, आणि पुरता उघडला की इंजिन कंपाउंड होई. साध्या इंजिनावर तयार झालेला ड्रायव्हर सवयीने तो जरासाच उघडून ठेवी आणि मग हे इंजिन कोळसा फार खाते अशी तक्रार करी. इंजिनाचा त्यात काही दोष नव्हता.

रेल्वेत कंपाउंडला खरा शह दिला तो विल्हेल्म श्मिट यांच्या सुपरहीटरने. वाफ संपृक्ततेच्या बरीच वर तापवली की भिंतीला लागून ती थोडी थंड झाली तरी पाणी होत नाही. ज्या दुखण्यावर दुसरे सिलिंडर हा इलाज होता ते दुखणेच निम्मे गेले, आणि बहुतेक रेल्वेंनी साधे सुपरहीटेड इंजिन पत्करले. फ्रान्सने दोन्ही एकत्र ठेवले. आंद्रे शापलाँ यांनी १९२९ मध्ये ३५६६ क्रमांकाचे कंपाउंड इंजिन पुन्हा बांधले तेव्हा वाफेच्या वाटा रुंद केल्या, सुपरहीट वाढवले, धुराड्याचा झोत सुधारला. ताकद सुमारे १,८५० वरून ३,००० अश्वशक्तीवर गेली. तोपर्यंत कंपाउंडमध्ये वाया जाणारा दाब नळ्यांच्या अरुंद वळणांत जात होता, आणि दोष कंपाउंड या कल्पनेला दिला जात होता.

समुद्रावर पिस्टन इंजिनाची मर्यादा शेवटच्या टोकाला होती. कंडेन्सरमध्ये एक पौंडाच्या आसपास दाब (इथले पौंड पूर्ण निर्वातापासून मोजलेले) मिळत असला तरी पिस्टनला त्याचा उपयोग नाही. टायटॅनिकच्या पिस्टन इंजिनांतून वाफ सुमारे ९ पौंडांना बाहेर पडे. ती १ पौंडापर्यंत पसरवायची तर जागा आणखी सात-आठपट लागली असती, आणि एवढ्या सिलिंडरचे घर्षणच मिळणारे काम खाऊन टाकते. टर्बाइनला हे जमते. म्हणून मधल्या पंख्यासाठी पार्सन्स टर्बाइन बसवून त्याला ही वापरलेली वाफ दिली. दोन पिस्टन इंजिने मिळून ३०,००० अश्वशक्ती देत, तर जास्तीचा कोळसा न जाळता टर्बाइनने १६,००० ची भर घातली. अशा जोडीचा पडताळा टायटॅनिकच्या मालक व्हाइट स्टार कंपनीने १९०९ च्या लॉरेंटिक जहाजावर आधी घेतला होता. टर्बाइन उलटे फिरत नसे. जहाज मागे घेताना वाफ त्याला वळसा घालून सरळ कंडेन्सरमध्ये सोडत आणि मधला पंखा नुसता पडून राही. टर्बाइन तरी वेगळे काय करते? दाबाची तीच उतरण पाच-पंचवीस टप्प्यांत वाटते. फक्त तिथे प्रत्येक टप्प्याची भिंत कायम एकाच तापमानाला असते, त्यामुळे आळीपाळीने तापण्या-निवण्याचा प्रश्नच उरत नाही.

तरीही १९४१ नंतर अमेरिकेने २,७१० लिबर्टी जहाजे बांधली तेव्हा इंजिन निवडले ते हेच जुने ट्रिपल, सुमारे १३५ टनांचे. टर्बाइनला लागणारे, वेग कमी करणारे रिडक्शन गिअर कापणारी यंत्रे मोजकी होती आणि ती लढाऊ जहाजांसाठी हवी होती. ट्रिपल इंजिन मात्र साध्या लेथवर, मोठ्या ओतशाळा असलेल्या कुठल्याही कारखान्यात होत होते. ११ नॉट वेगाला ते पुरेसे होते. त्यांतली जेरेमाया ओब्रायन ही बोट सॅन फ्रान्सिस्कोत आणि जॉन डब्ल्यू. ब्राउन बाल्टिमोरमध्ये मूळ इंजिनासह जपलेली आहे. लंडनजवळ केम्प्टन पार्कच्या पंपघरात १९२०च्या दशकातली दोन ट्रिपल इंजिने आहेत, प्रत्येकी ६२ फूट उंच आणि सुमारे १,००० टनांची. १९८० पर्यंत ती शहराला पाणी देत होती आणि त्यांतले एक आजही ठरावीक दिवशी वाफेवर चालवून दाखवतात. पुढच्या पुरवणीत आकृती द्यायची झाल्यास यांपैकी कुठल्याही इंजिनाची द्यावी. सिलिंडरांचा क्रम तरी बरोबर येईल.

आपला,
एक वाचक